उजवा कौल

मैनाबाईंनी नव्या खुर्चीच्या हाताला कान लावला आणि बोट वर करून दोघांनाही गप्प केलं.

"अगं, खुर्ची बसायला आणलीय त्यांनी," दत्तप्रसाद म्हणाले. "तपासणी करायला नाही. कालच निवृत्त झालीस ना?"

बाईंनी नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पंखा तेवढा बंद करायला लावला. विश्रांतवाडीतल्या त्या घरात भर दुपारी शांतता झाली आणि मग तो आवाज स्पष्ट आला. कर्र... कर्र... थोडं थांबून पुन्हा कर्र. लाकडाच्या आत कोणीतरी सावकाश जेवत होतं.

समोर सोफ्याच्या कडेवर ज्ञानदेव अवघडून बसले होते. वेल्ह्याकडच्या डोंगरातले हे गुरव. वाघजाईची पूजा आणि देवीच्या नावानं राखलेली देवराई, दोन्ही त्यांच्याकडे. कालच्या निरोप समारंभाला गावातून कोणीच आलं नव्हतं, म्हणून आज ते गावाच्या वतीनं खुर्ची टेम्पोत घालून घेऊन आले होते. आवाज ऐकून बिचारे कानकोंडे झाले.

"कीड लागली का काय, ताई? नाक कापलं त्या सुतारानं आमचं."

"कापलं कसलं! ज्ञानदेव, अहो, तुम्ही काय आणलंय ते तुम्हाला माहीत तरी आहे का?" बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. रानातल्या किड्यांच्या अभ्यासात त्यांची हयात गेली होती आणि त्या हयातीची कमाई म्हणजे एक भुंगेरा. ओल्या मातीच्या रंगाचा, लांबलचक मिशांचा. त्यांच्याआधी तो कोणी ओळखला नव्हता. त्याची अळी वाळक्या खोडात वर्षानुवर्षं पोखरत राहते आणि एखाद्या पावसाळ्यात पंख घेऊन बाहेर पडते. बाईंनी सह्याद्री पालथा घातला, पण तो सापडला एकाच ठिकाणी: वाघजाईच्या देवराईत, मधोमध उभ्या असलेल्या एका वाळक्या बेहड्यात.

हा पत्ता त्यांनी कोणालाही सांगितला नाही. दुर्मीळ किड्यांना परदेशात गिऱ्हाईक असतं. पत्ता फुटला की चोर खोडच्या खोड फोडून नेतात. म्हणून शोधनिबंधात ठिकाण नाही, विद्यार्थ्यांना नाही, नवऱ्याला नाही. गावालासुद्धा त्या दरवर्षी एवढंच बजावत: रान जपा, ओल्या झाडाला हात लावू नका. गेली काही वर्षं तर भुंगेरा दिसेनासा झाला होता. संपला असेल, असं सहकारी तोंडावर म्हणू लागले. बाईंना ते फार लागलं होतं.

आणि आज तो घरी चालत आला होता! देवराईतली काडीसुद्धा बाहेर जात नाही, हा तर गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. म्हणजे हे लाकूड दुसऱ्या कुठल्या तरी रानातलं. म्हणजे भुंगेरा आणखी कुठंतरी होता, आणि बाईंना त्याचा पत्ताच नव्हता!

"लाकूड कुठलं हे?" त्यांनी विचारलं. "कुठल्या रानातलं? लवकर सांगा."

ज्ञानदेवांचा चेहरा खुलला. ते ताठ बसले.

"आपल्या देवराईचं की."

"काहीतरीच काय! तिथली काडी बाहेर जात नाही."

"जात न्हाई. आमच्या आज्या-पणज्यानंबी नेली न्हाई. पर तुमच्यासाठी गाव जमलं. देवीला कौल लावला. दोन्ही अंगाला फुलं लावली, तर उजवं फूल आधी पडलं. देवीनंच हो म्हटलं, ताई." मग त्यांनी घाईनं भर घातली, "आन तुमचा शब्द मोडला न्हाई. ओल्या झाडाला हात लावला न्हाई. मधलं ते वाळकं बेहडं तेवढं काढलं. तसंबी मेल्यालंच व्हतं ते."

मैनाबाई खुर्चीपाशी फरशीवरच बसल्या. ज्या झाडाचं नाव कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनी जन्मभर तोंड मिटून ठेवलं, ते झाड गावानं त्यांच्या मानासाठी पाडलं होतं. दत्तप्रसादांना काही कळलं नव्हतं, पण बायकोचा असा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते पाणी आणायला वळले.

बाईंनी मात्र एकदम ज्ञानदेवांचा हात धरला.

"एका खुर्चीला लाकूड लागतं कितीसं? एवढं मोठं खोड होतं. बाकीचं तिथंच असेल ना? आपण आत्ता निघू. टेम्पो खाली आहे ना? बाकीचं लाकूड कुठंय, ज्ञानदेव?"

ज्ञानदेव समाधानानं हसले.

"ते वाया जाऊ देऊ व्हय, ताई? देवीचं लाकूड कुणाच्या चुलीत घालता येत न्हाई. काल हितं तुमचा सत्कार चालला व्हता, तवा तिकडं अख्खं गाव होमाला बसलं व्हतं. म्हणून तर कुणाला येता आलं न्हाई. शेवटच्या ढलपीपर्यंत सगळं देवीला दिलं. तुमच्या नावानं. तुम्हाला उदंड आयुष्य मिळावं म्हणून."