कच्चा टाका

बशीरमिया दर्जी लेकीच्या जाळीची शिवण उसवत होता. त्यानं शिवलेला लेंगा मालकाच्या आधी कधी संपला नाही. एका पैलवानाला बैलानं शिंगावर घेतलं, तर तो नाडीच्या शिवणीवर तासभर लोंबकळला आणि टाका हलला नाही, असं शपथेवर सांगणारे नंदुरबारात अजून आहेत. तोच माणूस आज पक्की शिलाई काढून तिथं कच्चा टाका घालत होता.

सारंगखेड्याचे हिंमतराव सदरा न्यायला आले. "मिया, शिवानं सोडीसन काय उसवी ऱ्हायना? मन्हा सदराबी असाच उसवशी का?"

"पोरनी जाळी शे, पाटील. दुरुस्त करी ऱ्हायनू." सुई बोटात गेली.

लायबा सुरतेच्या कॉलेजात शिकत होती. तापी समुद्राला मिळते, तिथं नावेमागून ती ही बारीक कापडाची जाळी ओढायची. जाळीच्या टोकाला डबा. त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव जमायचे. उन्हाळ्यात खारं पाणी नदीत चढलं की डब्यात जीवांची नुसती पेज. पावसाळ्यात पूर ते खारं पाणी बाहेर लोटतो, जीव विरळ होतात. कोणते तग धरतात, तेच तिला बघायचं होतं.

गेल्या पावसाळ्यात तिथंच एक नाव उलटली. नावाडी अजून सापडला नव्हता. अख्तरबानोनं लेकीपुढं दुपट्टा पसरला, जाऊ नकोस म्हणून. पोर हसली. "आमच्या कॉलेजच्या बाई म्हणतात, या खेपेला काही हाती लागलं नाही, तर पुरातल्या फेऱ्या बंद. मग तर खूश ना, अम्मी?"

अम्मीनं दुपट्टा आवरला. बापानं मात्र ते ध्यानात ठेवलं. कच्चा टाका पाण्यात सैल होईल, जीव फटीतून निसटतील, डबा रिकामा येईल. आणि पुराच्या दिवसांत रिकाम्या डब्याचा संशय कुणाला येणार?

लायबा रात्रीच्या गाडीनं जाळी घेऊन सुरतेला गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली. अंगावरचे कपडे बापाच्या हातचे नव्हते. दर्जीला ते उंबऱ्यावरूनच कळलं. कोपर सोललेलं, ओठ निळे. तिनं डबा मशीनवर ठेवला. तळाशी चिमूटभर करडा साका होता.

"मिळाले, अब्बा! थोडेच, पण मिळाले. आता पावसाळाभर जायचं."

"कपडे कुणाचे?"

"रोहिणीचे. माझ्या वर्गातली." ती भिंतीला टेकून बसली. "जाळी वर ओढताना शिवण सुटली. डबा कापडाच्या तुकड्यासकट पुरात चालला. नावाडी ओरडला, जाऊ दे, जाऊ दे. पण रिकाम्या हातानं परतले असते, तर बाईंनी पुन्हा पाठवलं नसतं ना, अब्बा? म्हणून मारली उडी."