उंच पट्टी

विलीन झालेल्या एका संस्थानाच्या लिलावातून अरविंदने पियानो आणला आणि कवितांना उंच पट्टीतल्या विलायती चाली लावून तो त्या बायकोकडून, वंदनाकडून, गाऊन घेऊ लागला. पहिल्याच दिवशी, कोणी गेलं की काय म्हणून शनवारा पेठेतली अख्खी गल्ली धावून आली. मग सवय झाली. कोणी मानही वर करीना. वंदनाने मात्र धास्ती घेतली, उद्या खरंच ओरडले तर येणार कोण?

एका दुपारी ती घरात एकटी असताना बाळाच्या घशात चिंचोका अडकला. ती किंचाळली, अगदी त्याच पट्टीत. शेजारच्या सरुबाई धावत आल्या, बाळाला पालथं धरून पाठीत थापट्या मारल्या. चिंचोका बाहेर पडला.

"मावशी, हे गाणं नाही, हे कसं ओळखलंत?"



"पोरी, आज तुझ्या नवऱ्याचा बाजा कुठं वाजू राहिला होता?"