सतरा नंबर

विमानाच्या पोटावर तेलाचा शेवटचा ओघळ ओढून त्याने ब्रश खाली ठेवला. शाळेबरोबर सुटलेली प्लास्टिकची मॉडेलं बनवायची हौस पन्नाशीत पुन्हा लागली होती. चार महिने जेवणाचं टेबल अडवलं म्हणून बायकोची बोलणी खाल्ली, तेव्हा कुठे हे वीतभर विमान उभं राहिलं. आता एकच परीक्षक उरला होता.

बाबा भिंत धरत आले, खुर्चीत बसले. उभा जन्म त्यांनी असल्याच विमानांची इंजिनं सांभाळली होती. भिंग डोळ्याला लावून त्यांनी पंख पाहिला.

"इथे पाय देऊन पायलट चढायचे. रंग उडायचाच. बरोबर."

मग धुराची काजळी. "हं. मागेच जाते. बघून केलंयस."

त्याचा जीव भांड्यात पडला. बाबांनी विमान उलटं केलं. पोटावरचा ओघळ पाहिला, शेपटीवरचा आकडा पाहिला आणि भिंग बाजूला ठेवलं.

"सतरा नंबर. तेल गळतंय."

"आकडा तुमच्या भिंतीवरच्या फोटोतला घेतला, बाबा. आणि डाग काय, जुन्या फोटोंत सगळ्याच विमानांना आहेत. खरं वाटावं म्हणून..."

"सगळ्यांना असतील. सतराला थेंबही नव्हता."

तेव्हा कुठे त्याला आठवलं. सतरा नंबर एका सकाळी उडालं ते परत आलंच नाही. चौकशीच्या कागदात लिहिलं होतं, तेलगळती, मेकॅनिकचा हलगर्जीपणा. मेकॅनिक म्हणजे बाबा. बाबांनी त्यावर घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि आपण नेमका तोच डाग बारीक ब्रशने, जीव ओतून काढला. अक्कल पाजळायची म्हणजे किती.

बाबांनी फडकं थिनरमध्ये बुडवलं. जोरात घासलं तर खालचा रंगही निघणार, चार महिने पाण्यात. थांबवायला त्याने हात पुढे केला, आणि त्याच हाताने विमान घट्ट धरलं.

"पुसा," तो म्हणाला. "ओलं आहे अजून."

बाबा पुसत राहिले. ओघळ गेला, त्याच्याबरोबर रंगही गेला, खालचं पांढरं प्लास्टिक उघडं पडलं. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला, उजेडात धरून पाहिला. स्वच्छ होता.

"पेन दे," ते म्हणाले. "उडायच्या आधी मेकॅनिकची सही लागते."