पातेल्याचा सौदा

माहेरी निघताना कुमुदनं मला बजावलं होतं, "जुने शर्ट देऊन बोहारणीकडून मोठं पातेलं घ्या. आणि जास्त बोलू नका." घासाघिशीत मी पटाईत, अशी निदान माझी तरी समजूत होती.

बोहारीण जमना पायरीवर टेकली. शर्ट उजेडात धरून म्हणाली, "यात वाटी येईल, दादा." मी तिला बोलण्यात गुंतवायला गेलो आणि स्वतःच गुंतलो. लेक परदेशी गेल्यापासून घर कसं मुकं झालंय, ते सगळं सांगून बसलो. तिनं मन लावून ऐकलं. मग स्वतःच्या लेकीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. नवरीला अजून एकही नवी साडी घेतलेली नव्हती.

मी उठलो आणि कपाटातली कुमुदची कोरी मोरपंखी साडी जमनाच्या हातात ठेवली.

संध्याकाळी परतलेल्या कुमुदला ओट्यावर नुसती वाटी दिसली. मी सगळं सांगितलं, साडीसकट. घासाघिशीतला पटाईत मी, मान खाली घालून उभा राहिलो.

"लग्नाला बोलावलंय का तिनं आपल्याला?"

"दोघांनाही. अगदी आग्रहानं."

"मग आता मी नेसू काय?"