सहीवरची वाळू

अमेरिका हा देश नवा होता तेव्हाच्या पुढाऱ्यांच्या सह्या असलेले कोर्टाचे कागद मी जमवतो. फिलाडेल्फियातल्या घरी अशाच एका पुढाऱ्याचं मृत्युपत्र फ्रेम करून लावलं, आणि दुसऱ्या सकाळी भिंतीखाली चिमूटभर वाळू दिसली.

"शाई सुकावी म्हणून तेव्हा ओल्या सहीवर वाळू भुरभुरायचे," मी बायकोला, लविनियाला सांगितलं. "चिकटलेली असेल, ती सुटतेय."

"तुझा म्हातारा कचरा करणार आणि झाडू माझ्या हातात!"

ती रोज झाडायची. वाळू रोज पडायची. फ्रेम मागून पक्की बंद होती, तरी आठव्या दिवशी मूठभर वाळू साचली. मला बसवेना. येरझाऱ्या घालून घालून शेवटी नाश्ता तसाच टाकला आणि फ्रेम उघडली.

विकत घेतलं तेव्हा मृत्युपत्राखाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. दोन्ही मी भिंगाखाली तपासल्या होत्या. आता तीन होत्या. तिसरीची शाई माझ्या बोटाला लागली.

ते वळण मी तीस वर्षं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर बघत आलोय.

"लविनिया, ही तुझी सही?"

ती दारात आली. कागदाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तळहाताला चिकटलेली वाळू ती सावकाश झाडत होती.

"सही करताना फार थरथरत होता रे तुझा म्हातारा," ती म्हणाली. "मग मीच धरला त्याचा हात."