जळालेलं रीळ

जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाला ढोलकीवाला गेनबा आपल्या लेकीला, हौसाला, घेऊन आला होता. तमाशात गाणारी तिची आई बाळंतपणातच गेली. मागं फोटोही उरला नव्हता. उरली होती ती एका स्वस्तातल्या तमाशापटातली तिची लावणी. आज तंबूत तोच लागला होता.

निम्मा सिनेमा सरला तरी लावणी येईना. गेनबा मशीनवाल्याकडं धावला.

“लावणीचं रीळ जळालं, पाव्हणं. तेवढं वगळून दाखवतो.”

“दुसरीकडं कुठं मिळंल?”

“ही शेवटचीच प्रत हाय.”

तो परत आला तेव्हा पडद्यावर भलतीच बाई गात होती.

“आबा, हीच का माझी आय?” हौसानं विचारलं.

गेनबानं मान डोलावली.

हौसा टाचा उंचावून उभी राहिली अन् भर तंबूत ओरडली, “आये, मी हितं हाय!”