वहिनींनी केलेला बिघाड

मिस्त्रींचं घोरणं एका लयीत सुरू झालं, तशा वहिनी दबक्या पावलांनी पुढच्या खोलीत आल्या. घडीच्या कॅमेऱ्याची झडप उघडून त्यांनी भिंगामागचा घड्यांचा चामडी भाता बाहेर ओढला, भिंगाची कडी फिरवून काढली आणि आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्याने खुंटीवरून उतरवली. कळ दाबून पाहिली. शटर ढिम्म हलेना. वहिनींना हायसं वाटलं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून वहिनींच्या नवऱ्याची, मिस्त्रींची, डावी बाजू लुळी पडली होती. कॅमेरे दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, पण ते तिकडे फिरकेनात. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दोन घास खायलासुद्धा मनधरणी करावी लागे. असंच चाललं तर हा माणूस आपल्या हाती लागत नाही, या धास्तीने वहिनी अर्ध्या झाल्या. शेवटी त्यांनी शेजारच्या भाऊजींना विश्वासात घेतलं, त्यांच्या माळ्यावरचा जुना कॅमेरा मागून आणला, स्वतःच बिघडवला आणि त्यांच्याच हाती परत दिला.

"मिस्त्री, शटर अडकलंय बघा," भाऊजी पढवल्याप्रमाणे म्हणाले. आणि मिस्त्री चक्क उठून बसले!

तेव्हापासून हे नाटक दर आठवड्याला चालू होतं.

पहिल्या वेळी वहिनींनी शटरमध्ये स्वयंपाकाचं तेल ओतलं होतं. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

"कुठल्या शहाण्याचं काम हे? तेलाने पाती एकमेकांना चिकटतात. धर नीट. आणि ही स्प्रिंग बघितलीस? ही नुसती खुंटीवरून निसटली तरी खेळ खलास."

वहिनींनी मनातल्या मनात गाठ मारली. पुढच्या आठवड्यात नेमकी तीच स्प्रिंग निसटली.

"भाऊजींच्या घरचे उंदीर फार हुशार झालेत," मिस्त्री म्हणाले, तेव्हा वहिनींनी घाईने मान खाली घातली. कळलं तर हा मानी माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवणार! पण मिस्त्री कामात गढले होते. बोलता बोलता ते पात्यांचं सांगत, दातेरी चाकांचं सांगत, शटरचा वेग कुठे अडतो ते दाखवत. हात भरून आला की चिमटा वहिनींकडे सरकवत. "तू बसव. मी सांगतो."

असेच काही आठवडे गेले. एका दुपारी मिस्त्री उठून टेबलाशी येऊन बसले, तोच एक अनोळखी बाई दारात आली. हातात तसाच घडीचा कॅमेरा.

"आईचा आहे. शटर अडकलंय. कुणी हात लावायला तयार नाही हो."

वहिनींना आनंद लपवता येईना. "अहो, गिऱ्हाईक आलंय! खरंखुरं..." त्यांनी जीभ चावली.

मिस्त्रींनी कॅमेरा घेतला, कानाशी धरून कळ दाबली, आणि तो वहिनींच्या पुढ्यात ठेवला.

"उघड."

"मी? अहो, काहीतरीच काय! मला काय येतंय त्यातलं?"

"तुला नाही तर कुणाला येणार?" मिस्त्री शांतपणे म्हणाले. "माझ्यामागे दुकान तुलाच चालवायचंय. म्हणून तर दर आठवड्याला तुला एकेक नवा बिघाड सुचवत होतो."